वेल्सच्या खेड्यांतले विद्वान धर्मोपदेशक

वेल्सला स्वतःचे विद्यापीठ १८९३ मध्ये मिळाले आणि राष्ट्रीय ग्रंथालयाची सनद १९०७ मध्ये. त्याआधीची तीनशेहून अधिक वर्षे व्याकरण लिहिणे, कोश रचणे, जुनी हस्तलिखिते शोधून उतरवून घेणे आणि भाषेला प्रमाण रूप देणे ही कामे मोठ्या प्रमाणावर अँग्लिकन चर्चच्या ग्रामीण धर्मोपदेशकांनी केली. ज्या चर्चची ते सेवा करत होते, त्या चर्चने यांतल्या अनेकांची कदर केली नाही, आणि म्हणूनच वेल्श वाङ्मयाच्या रक्षणाचे श्रेय संस्थेला देण्यापेक्षा या माणसांना द्यावे, असे त्यांची चरित्रे वाचताना मला ठामपणे वाटत आले आहे.

या परंपरेत विल्यम मॉर्गन यांचे स्थान पहिले नसले तरी सर्वांत मोठे आहे. १५४५ च्या सुमारास पेनमाख्नो गावाजवळच्या एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी ग्रीक आणि हिब्रू आत्मसात केली आणि १५७८ मध्ये ते लानऱ्हायाडर-अम्-मॉखनांट या डोंगराळ गावाचे विकार (व्हिकार, म्हणजे गावच्या चर्चचे धर्मोपदेशक) झाले. १५३६ च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांची आणि सरकारी पदांची भाषा इंग्रजी ठरवली होती. १५६३ च्या दुसऱ्या एका कायद्याने मात्र बायबलचे वेल्श भाषांतर करण्याची आज्ञा दिली. वेल्श प्रत चर्चमध्ये इंग्रजी प्रतीशेजारी ठेवावी, म्हणजे दोन्हींची तुलना करून लोक इंग्रजी शिकतील, अशी तरतूदही त्यात होती. राज्यकर्त्यांना लोक प्रोटेस्टंट व्हायला हवे होते आणि कालांतराने इंग्रजीभाषकही व्हायला हवे होते. पहिला हेतू साधला, दुसरा त्याच ग्रंथामुळे कित्येक पिढ्या लांबला.

१५६७ मध्ये विल्यम सेल्सबरी यांनी, बिशप रिचर्ड डेव्हिस आणि थॉमस ह्युएट यांच्या साहाय्याने, नवा करार वेल्शमध्ये आणला होता. सेल्सबरी प्रकांड पंडित होते, परंतु शब्दांची लॅटिन मुळे डोळ्यांना दिसावीत म्हणून त्यांनी केलेले लेखन इतके विलक्षण होते की ते मोठ्याने वाचताना वाचकाची तारांबळ उडत असे. मॉर्गन यांनी तो अनुवाद सुधारला, जुना करार मूळ हिब्रूवरून आणला आणि लेखन सरळ केले. त्यांची शैली दरबारी कवींच्या जुन्या, घोटीव भाषेवर पोसलेली होती, तरीही सामान्य माणसाला ती कानाने कळत असे. उत्तर आणि दक्षिण वेल्सच्या बोलींमधले अंतर ओलांडणारी एक लेखनभाषा त्यातून उभी राहिली. भाषेच्या इतिहासात एका व्यक्तीच्या कामाचा इतका खोल परिणाम झाल्याची उदाहरणे फार थोडी सापडतील.

हे काम त्यांनी शांततेत केले असे कोणी समजू नये. लानऱ्हायाडरमध्ये एका प्रबळ घराण्याशी त्यांचे वैर जडले, खटले लंडनच्या स्टार चेंबर या राजाच्या न्यायालयापर्यंत गेले, आणि झग्याखाली पिस्तूल लपवून ते चर्चमध्ये येतात असा आरोपही त्यांच्यावर झाला. १५८८ मध्ये बायबलच्या छपाईच्या देखरेखीसाठी ते लंडनला राहिले, कारण तिथल्या जुळाऱ्यांना वेल्शचे एक अक्षरही कळत नव्हते. वेस्टमिन्स्टरचे डीन (तिथल्या चर्चचे प्रमुख) गॅब्रिएल गुडमन, जे स्वतः वेल्सचे होते, त्यांनी मॉर्गन यांना आपल्या घरी आश्रय दिला. पुढे मॉर्गन लॅन्डाफचे आणि नंतर सेंट आसाफचे बिशप झाले. ज्या ग्विदिर घराण्याच्या आश्रयाने ते लहानपणी शिकले असे मानले जाते, त्याच घराण्यातील सर जॉन विन यांनी लानरूस्ट येथील चर्चच्या उत्पन्नाचा भाडेपट्टा मागितला, तेव्हा चर्चचे नुकसान होईल या कारणाने त्यांनी तो नाकारला आणि जुन्या उपकारकर्त्यांचा रोष पत्करला. १६०४ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्याजवळ फारशी संपत्ती नव्हती. मला या नकाराचे महत्त्व बायबलच्या अनुवादाइतकेच वाटते, कारण अनुवादामागची सचोटी त्यात दिसते.

मॉर्गन यांच्या बायबलची सुधारित आवृत्ती १६२० मध्ये बिशप रिचर्ड पॅरी यांच्या नावाने निघाली, पण त्यातील बारीक भाषिक काम बहुतांशी मॅल्विड गावचे रेक्टर (तेही गावच्या चर्चचे धर्मोपदेशकच) डॉ. जॉन डेव्हिस यांचे मानले जाते. याच डेव्हिस यांनी १६२१ मध्ये वेल्शचे व्याकरण आणि १६३२ मध्ये वेल्श-लॅटिन व लॅटिन-वेल्श कोश प्रसिद्ध केला. युरोपातील विद्वानांच्या भाषेत लिहून त्यांनी आपल्या मातृभाषेला युरोपच्या विद्वत्सभेत बसवले. याच काळात लानडव्हरीचे विकार ऱ्हिस प्रिचर्ड निरक्षर शेतकऱ्यांच्या तोंडी बसावीत अशी साधी उपदेशपर पदे रचत होते. पंडितांनी त्यांच्या छंदांकडे नाक मुरडले असेल, पण लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली.

अठराव्या शतकात चित्र विचित्र झाले. वेल्समधील बिशपपदे इंग्लंडमधून आलेल्या माणसांकडे जाऊ लागली, आणि जवळपास दीडशे वर्षांच्या खंडानंतर, १८७० मध्ये जोशुआ ह्यूज सेंट आसाफला नेमले गेले, तेव्हा कुठे वेल्श बोलणारा बिशप पुन्हा दिसला. याचा अर्थ काय होता हे अँगलसी बेटावरील ट्रेव्हद्राइथच्या प्रकरणावरून कळते. तिथे १७६६ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या डॉ. थॉमस बोल्स यांची नेमणूक झाली. त्यांना वेल्श येत नव्हती आणि सुमारे पाचशे रहिवाशांपैकी जेमतेम पाच जणांना इंग्रजी कळत होती. गावकऱ्यांनी दावा लावला. १७७३ मध्ये न्यायाधीशांनी तत्त्व मान्य केले की वेल्श न येणारा माणूस अशा जागेस अपात्र आहे, पण एकदा झालेली नेमणूक रद्द करायला मात्र नकार दिला.

त्याच काळात इव्हान इव्हान्स, कवी म्हणून येयान वार्द या नावाने ओळखले जाणारे, एका गावाहून दुसऱ्या गावी दुय्यम धर्मोपदेशकाची तुटपुंज्या पगाराची नोकरी करत फिरत होते. या साऱ्या मंडळींत माझा जीव सर्वाधिक त्यांच्यात गुंततो. १७३१ मध्ये कार्डिगनशरमधील लेद्रॉड येथे जन्मलेल्या या माणसाने ऑक्सफर्डमध्ये काही काळ काढला, कवी आणि अभ्यासक लुईस मॉरिस यांच्याकडून जुन्या कवितेची ओढ घेतली आणि श्रीमंतांच्या घरांतील धूळ खात पडलेली हस्तलिखिते शोधून ती स्वहस्ते उतरवून घेण्याचे व्रत आयुष्यभर पाळले. 'गोडॉद्दिन' हे वेल्श कवितेतील अतिप्राचीन वीरकाव्य अभ्यासकांच्या नजरेत आणण्याचे श्रेय त्यांचे आहे. १७६४ मध्ये त्यांनी प्राचीन वेल्श कवींच्या रचनांचे नमुने इंग्रजी भाषांतरासह छापले, आणि थॉमस ग्रे व थॉमस पर्सी यांच्यासारख्या इंग्रज साहित्यिकांना त्यांच्या संशोधनाचा उपयोग झाला. इंग्रज बिशपांविरुद्ध त्यांनी उघडपणे लिहिले. त्यांना स्वतःच्या हक्काचे चर्च कधीच मिळाले नाही. यामागे हे उघड बोलणे होते, तसेच त्यांचे दारूचे व्यसनही होते, आणि दुसरे कारण झाकून पहिलेच पुढे करणे त्यांच्यावरील प्रेमापोटीही योग्य नाही. अखेरीस अँगलसीतील पॉल पँटन यांनी वर्षाला २० पौंड देण्याच्या बदल्यात त्यांचा हस्तलिखितांचा संग्रह घेतला. १७८८ मध्ये येयान वार्द जन्मघरीच वारले. तो संग्रह आज अबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

येयान वार्द यांनी ज्या गावांत नोकरी केली त्यांत ऱ्हिउ नदीकाठचे मनाव्हॉन हे माँटगोमरीशरमधील लहानसे गाव होते, आणि या गावाचे नशीब असे की तिथे पुढेही कवी धर्मोपदेशक येत राहिले. १८०७ ते १८३७ या काळात तिथले रेक्टर होते वॉल्टर डेव्हिस, म्हणजेच ग्वाल्टर मेखाइन. उमेदीच्या वयात त्यांनी लाकडी पिंपे बनवण्याचे काम केले होते. उत्तर आणि दक्षिण वेल्सच्या शेतीविषयी त्यांनी शेतकी मंडळासाठी लिहिलेले अहवाल त्या काळाच्या ग्रामजीवनाचा मौल्यवान दस्तऐवज आहेत. १८१९ मध्ये कार्मार्दनच्या आइस्टेथवॉडमध्ये, म्हणजे वेल्श काव्य-संगीत स्पर्धांच्या महोत्सवात, त्यांनी मानाचे आसन जिंकले, आणि १८३७ मध्ये पंधराव्या शतकातील कवी लुईस ग्लिन कॉथी यांच्या कवितांचे संपादन टेगिड (कवी आणि धर्मोपदेशक जॉन जोन्स) यांच्यासह प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांची बदली झाली ती लानऱ्हायाडरला, मॉर्गन यांच्या गावी.

१९४२ मध्ये मनाव्हॉनला इंग्रजीत लिहिणारे वेल्श कवी आर. एस. टॉमस रेक्टर म्हणून आले. कार्डिफमध्ये जन्मलेले आणि हॉलीहेडला इंग्रजीत वाढलेले टॉमस वेल्श भाषा प्रौढपणी शिकले, परंतु तोवर मनाव्हॉनमधील बहुतेक शेतकरी इंग्रजी बोलू लागले होते. इथेच त्यांना इयागो प्रिथेर्ख हा कणखर, अबोल काल्पनिक शेतकरी सापडला, जो त्यांच्या कवितांत वर्षानुवर्षे येत राहिला, आणि इथे असतानाच १९४६ मध्ये त्यांचा पहिला संग्रह निघाला. पुढे एग्लोइसव्हाख आणि लीन द्वीपकल्पाच्या टोकावरील अबेरदारॉन येथे सेवा करून ते १९७८ मध्ये निवृत्त झाले.

टॉमस यांच्या कठोरपणावर अनेक वाचक नाराज होतात, आणि शेतकऱ्यांविषयीच्या त्यांच्या सुरुवातीच्या कवितांत मलाही कधीकधी वरून पाहणारी नजर जाणवते. पण मॉर्गन आणि येयान वार्द यांच्यानंतर टॉमस वाचले की तो कठोरपणा वेगळा दिसू लागतो. उशिरा शिकलेल्या भाषेत कविता लिहिता येत नाही अशी त्यांची धारणा होती, म्हणून कविता इंग्रजीतच राहिली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र मात्र त्यांनी वेल्शमध्ये लिहिले, आणि त्यात स्वतःचा उल्लेख प्रथम पुरुषाऐवजी तृतीय पुरुषात केला. ज्या भाषेसाठी मनाव्हॉनमधील त्यांच्या पूर्वसूरींनी आयुष्य वेचले, ती भाषा त्यांना वारशाने मिळाली नव्हती; ती त्यांनी कष्टाने मिळवली, आणि तिच्यातून आपल्या आयुष्याचा हिशेब मांडला.