फुटाळ्यावरचं ड्रिल

आज संध्याकाळी नागपुरात फुटाळ्यावर, म्हणजे तलावावर, चार-पाच पोरं स्पीकर लावून रॅप करत होती. बीट लंडनच्या ड्रिलचा, म्हणजे रॅपच्याच एका प्रकाराचा, तो घसरत जाणारा बेस. आणि वर अस्सल नागपुरी: "काऊन बे, मले कोन अडवून राह्यला?" शेवटचा 'राह्यला' पोरगं असं लांबवायचं की हेल बेससोबतच खाली उतरायचा. पुस्तकी मराठीत हे जमलंच नसतं, असं आपलं माझं मत.

भाचा म्हणे, "मामा, पुण्या-मुंबईत हसतीन ना याले."

हसू दे की! १९९५ मध्ये न्यूयॉर्कला सोर्स अवॉर्ड्स या हिप हॉपच्या सोहळ्यात दक्षिणेकडच्या अटलांटाच्या आउटकास्ट या रॅपर जोडीला बक्षीस मिळालं, तर तिथल्या पब्लिकनं त्यांची हुर्यो उडवली होती. पुढे त्याच दक्षिणेच्या हेलानं अख्खी अमेरिका नाचवली. आणि शुद्ध काय आहे यात? १९७३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या ज्या पार्टीपासून हिप हॉप धरतात, तिथला डीजे कूल हर्क मूळचा जमैकाचा, किंग्स्टनचा. मोठमोठ्या साउंड सिस्टमचा नाद तिकडचाच. ड्रिलही शिकागोत जन्मलं, मग लंडनला गेलं.

भाच्यानं व्हिडिओ काढलाय. वाऱ्यानं आवाज जरा फाटलाय. पोरं हो म्हणाली, तर टाकतो इथंच.