नोकिया ३३१० आणि १६० अक्षरांचा हिशेब

नोकिया कंपनीचा ३३१० हा फोन २००० साली बाजारात आला आणि पुढच्या काही वर्षांत कोल्हापुरात राजारामपुरीपासून गंगावेशीपर्यंत अनेकांच्या हाती दिसू लागला. त्याच्या दणकटपणाबद्दल इतके लिहून झाले आहे की त्यात मी भर घालत नाही. मला अप्रूप वाटते ते त्याच्या संदेशांच्या मेनूचे, कारण एसएमएसच्या मूळ तांत्रिक मर्यादा त्या मेनूत जवळजवळ उघड्यावर दिसत असत. आपण मराठी माणसे रोमन लिपीत जे तुटक मराठी लिहू लागलो, त्याबद्दल भाषेच्या अनास्थेला दोष दिला जातो. माझ्या मते त्याचे मूळ अनास्थेपेक्षा या मर्यादांच्या गणितातच अधिक आहे.

जीएसएम या मोबाइल फोनच्या पद्धतीत एका संदेशाच्या मजकुराला १४० बाइट, म्हणजे ११२० बिट, एवढीच जागा मिळते. संदेश बोलण्याच्या वाहिनीवरून न जाता, फोन आणि टॉवर यांच्यात कॉल जुळवण्यासाठी चालणाऱ्या संकेतांच्या वाहिनीवरून जातो, आणि तिथे जागा मोजकीच असल्यामुळे तो आखूड ठेवणे भाग होते. रोमन अक्षरे, आकडे आणि नेहमीची चिन्हे प्रत्येकी ७ बिटांत बसतात, म्हणून १६० अक्षरे. ही मर्यादा निश्चित करण्यात फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन अभियंत्याचा मोठा वाटा होता.

३३१० वर मात्र ४५९ अक्षरांपर्यंत लिहिता येत असे. तिप्पट म्हणजे ४८० का नाहीत, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला होता. लांब संदेश तुकड्यांनी जातो आणि पलीकडच्या फोनला ते तुकडे क्रमाने जोडता यावेत म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आरंभी ६ बाइटांची खूण घालावी लागते. उरलेल्या १३४ बाइटांत १५३ अक्षरे मावतात; त्यांची तिप्पट ४५९. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात किती अक्षरे उरली आणि कितवा तुकडा चालू आहे हे आकड्यांत दिसे. तो दुसऱ्याचा तिसरा झाला की पैसेही तीन संदेशांचे लागत, त्यामुळे लिहिणाऱ्याची नजर मजकुरापेक्षा त्या आकड्यावरच अधिक असे. फोनमध्ये चित्रसंदेशांचीही सोय होती. ७२ गुणिले २८ ठिपक्यांचे ते चित्र २५२ बाइटांचे असल्याने एका संदेशात मावतच नसे, आणि पाडव्याला चित्र पाठवण्याची हौस चांगलीच महाग पडे. (संदेश आल्यावर वाजणारा तो ओळखीचा ‘टिटिटि टी-टी टिटिटि’ सूर म्हणजे मोर्स संकेतांतले एसएमएस हेच तीन वर्ण होत, हे बहुतेकांच्या गावी नव्हते.)

अक्षरांच्या हिशेबाखालोखाल हिशेब होता तो बटणांचा. ए, बी, सी ही तीन अक्षरे २ या एकाच बटणावर असल्यामुळे ‘बाबा’ हा साधा शब्द रोमन लिपीत पूर्णपणे त्याच एका बटणावर लिहावा लागे. बी साठी दोनदा दाबायचे, क्षणभर थांबायचे, ए साठी एकदा दाबायचे, पुन्हा थांबायचे आणि हेच परत करायचे. ‘मामा’ची एम आणि ए ही अक्षरे मात्र वेगवेगळ्या बटणांवर पहिलीच असल्याने तो शब्द चार दाबांत, कुठेही न थांबता होऊन जाई. एस हे अक्षर ७ या बटणावर चौथ्या क्रमांकावर असल्याने ‘कसा’ या शब्दाला आठ दाब लागत. शब्द जितका आखूड तितका अंगठा सुटा, हे एकदा ध्यानात आले की ‘आहे’चा नुसता एक वर्ण का झाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

टी-नाइन या शब्द ओळखण्याच्या सोयीने इंग्रजी लिहिणाऱ्यांचे हे कष्ट वाचवले, कारण प्रत्येक अक्षराला एकच दाब पुरे आणि शब्द कोणता ते फोनने आपल्या कोशातून शोधायचे. पण तो कोश इंग्रजी होता. ‘ये’ लिहायला जी बटणे लागतात तीच ‘वुई’ या इंग्रजी शब्दाला लागतात, ‘हो’ची बटणे ‘गो’ आणि ‘इन’ यांचीही आहेत, आणि ‘काय’ लिहू पाहणाऱ्यापुढे ‘लॉ’ उभा राहू शके. पर्यायी शब्द पाहण्यासाठी तारांकित बटण होते आणि कोशात नवा शब्द घालण्याची सोयही होती. पण बहुतेकांनी टी-नाइन बंदच ठेवले, आणि ते योग्यच होते.

देवनागरीत लिहिता येणारे फोन पुढे हाती आले तेव्हा अडचण निराळ्या रूपात समोर आली. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह १६ बिटांचे, म्हणून एका संदेशात ७० च चिन्हे मावत, आणि लांब संदेशाच्या तुकड्यात तर ६७ च. शिवाय काना, मात्रा, उकार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सारे स्वतंत्र मोजले जात. ‘कोल्हापूर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. त्याची चिन्हे नऊ, म्हणजे १४४ बिट. रोमन लिपीत त्याच गावाला आठ अक्षरे आणि ५६ बिट लागतात. शुद्ध मराठीत लिहिणाऱ्याला रोमन लिहिणाऱ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागत असतील, तर लिपीचा अभिमान कुठवर टिकणार?

या साऱ्या मर्यादांच्या बदल्यात एसएमएसने जे दिले ते थोडे नव्हते. आमच्या नात्यातल्या एका व्यापाऱ्याचे शाहू मार्केट यार्डात गुळाचे अडत दुकान होते आणि सौदे उरकले की गुऱ्हाळमालकांना दर कळवण्याचे काम फोनवर बोलण्याऐवजी संदेशाने होऊ लागले. गगनबावड्याकडे रेंज मिळणे हा नशिबाचा भाग होता. पण पाठवलेला संदेश आधी संदेश केंद्रात साठतो आणि पलीकडचा फोन संपर्कात येताच त्याला पोहोचवला जातो. तो किती वेळ राखून ठेवावा हेही ३३१० मध्ये एक तासापासून आठवड्यापर्यंत आणि त्याहूनही अधिक असे ठरवता येई. कालचा दर आज सायंकाळी पोहोचून उपयोग नाही, हे जाणणाऱ्या अडत्याने सहा तासांची मुदत लावून ठेवली होती. (त्याच मेनूत संदेश फॅक्स म्हणून पाठवण्याचाही पर्याय होता, तो वापरणारा माणूस मला शहरात कधी भेटला नाही.)

पोच मिळण्याचीही सोय होती, परंतु ती फोनला संदेश मिळाल्याची पोच होती, माणसाने वाचल्याची नव्हे. शिवाय सिमकार्डावर मोजकेच संदेश मावत. जागा भरली की पडद्यावरचे पाकिटाचे चिन्ह लुकलुकू लागे आणि जुने संदेश खोडेपर्यंत नवे संदेश केंद्रातच अडकून पडत. म्हणून त्या दुकानात एक रीत पडली होती. दर वाचून झाला की गुऱ्हाळमालकाने एक मिस कॉल द्यायचा, आणि तासाभरात तो आला नाही तर दुकानातल्या मुलाने पदरचे पैसे खर्चून फोन लावायचा.