खालचं टोक

धनुष्य हातात आलं की मी ते आधी उलटं करतो आणि खालचं टोक उजेडात धरतो. आणणारा माणूस मुठीचं लाकूड, पॉलिश, बाहूंचा, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांचा, बाक कौतुकाने दाखवत असतो. दाखवावंच, कौतुकाचीच गोष्ट असते ती. पण धनुष्य किती टिकणार हे ठरतं दोरीच्या फासाखाली झाकलेल्या बोटभर जागेत, आणि दोन टोकांपैकी खालचं आधी जातं.

त्या दिवशी आलेलं धनुष्य देखणं होतं. एकसंध रिकर्व्ह, म्हणजे टोकं उलटी वळलेलं, १९७०च्या दशकातलं, मेपलच्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी फायबरग्लास, दोरी २८ इंच ओढली की ४५ पौंडांचा जोर. घेऊन आलेली मुलगी विशीतली. धनुष्य वडिलांचं, बरीच वर्षं पडून राहिलेलं, आणि हिने ते पुन्हा चालवायला काढलेलं.

"काका, बाण सुटला की खालच्या बाजूने टक् असा आवाज येतो. दोरी सैल पडली असेल. नवी करून द्याल का? संध्याकाळी सरावाला जायचंय."

दोरी सैल नव्हती. उलट ती फारच कडक होती, नव्या धाटणीची, डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याची, बारीक आणि जवळजवळ न ताणणारी. अशा दोरीने बाणाला थोडा जास्त वेग मिळतो हे खरं. पण बाण सुटल्यानंतर बाहू पुढे झेपावतात तेव्हा त्यांना थांबवायचं काम दोरीचंच असतं. जुनी डेक्रॉनची, म्हणजे पॉलिस्टर धाग्याची, दोरी त्या क्षणी किंचित ताणली जाते आणि झटक्यातला बराचसा जोर स्वतःत जिरवते. डायनीमा तसं करत नाही. तो सगळा हिसका टोकाजवळ फास बसवायला कापलेल्या खाचेच्या कडांवर बसतो. हल्लीच्या धनुष्यांची टोकं हे धरून बनवतात, वर मायकार्टाचे (राळेत दाबून कडक केलेल्या कापडाचे) किंवा फायबरग्लासचे थर देतात. या धनुष्याच्या टोकांवर होती फक्त एक पातळ लाकडी पट्टी.

फास सरकवून बाजूला केला. खाचेत मेणाचा काळा थर, त्यात बारीक रेती. तो पुसल्यावर खाचेच्या तळापासून मुठीच्या दिशेने गेलेली एक पांढुरकी रेघ दिसली, नखभर लांब. टोकाच्या अगदी शेवटी वार्निश झिजून लाकूड उघडं पडलेलं आणि करडं झालेलं.

"पॉलिशला तडे गेले असतील ना? जुनं आहे ते."

शंका रास्त होती. जुन्या वार्निशला केसासारखे तडे जातातच आणि बहुतेक वेळा ते वरवरचे असतात. कापूस फिरवला, तंतू अडकले. पण कापूस उखडलेल्या वार्निशमध्येही अडकतो. म्हणून रेघेवर स्पिरिटचा एक थेंब सोडला. वरवरचा तडा असेल तर तो लगेच सुकतो. हा सुकला नाही, रेघ काळी पडून राहिली. मग मी अंगठ्याने पट्टी हलकेच दाबली, आणि टोकाच्या दुसऱ्या बाजूने, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथून, स्पिरिटचे दोन बारीक बुडबुडे वर आले. फट आरपार होती. तिने भिंग माझ्या हातातून घेतलं, स्वतः अंगठा दाबला आणि ते बुडबुडे पुन्हा पाहिले. त्यानंतर संध्याकाळच्या सरावाचं नाव काढलं नाही.

तरी मी स्पष्ट सांगितलं, की हे धनुष्य आज चढवायचं नाही, म्हणजे दोरी ताणून बसवायची नाही, रिकामं ओढूनही बघायचं नाही. पूर्ण ओढीवर टोक सुटलं तर दोरी कुठे जाईल आणि बाहूचा तुकडा कुठे उडेल यावर कुणाचा ताबा नसतो, आणि त्या वेळी चेहरा दोरीला लागूनच असतो.

दोष एकट्या दोरीचा नव्हता. वरच्या टोकालाही तीच दोरी, तोच हिसका, आणि ते शाबूत होतं. फरक जमिनीचा. तिला विचारलं, तर धनुष्य दोन पायांमधून घालून, खालचं टोक घोट्यावर अडकवून चढवायची. बाण गोळा करताना ते टोकावर उभं टेकवायची, आणि घरी कोपऱ्यात उभं. वडीलही तसंच करत, म्हणाली. लाकूड आडव्या अंगापेक्षा तोडलेल्या टोकातून कितीतरी वेगाने पाणी पितं. दवाने ओल्या गवतावर रोज थोडं थोडं टेकलेलं उघडं टोक ओल खेचत राहतं, ती ओल सरसाच्या जोडाखाली शिरते, आणि सैल झालेल्या जोडाला दोरीचा हिसका उचकटतो. घोट्यावर अडकवून चढवण्याने बाहू पिळला जातो तो वेगळाच. तो पीळ इथे नव्हता, हे नशीब.

जुनी पट्टी पातळ पात्याने उचलली तर अर्धी आपोआप निघाली. लाकूड सुकायला दोन दिवस तसंच ठेवलं. या कामात घाई करणाऱ्याच्या हाती मी धनुष्य देणार नाही; ओल्या लाकडावरचं ईपॉक्सी वरून घट्ट दिसतं आणि पहिल्या थंडीत सुटतं. मग फटीत पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, मुरवलं, फायबरग्लास ८० नंबरच्या पॉलिशपेपरने खरवडून घेतला, ईपॉक्सी लावून मायकार्टाची नवी पट्टी बसवली आणि क्लॅम्प बेताने आवळला. क्लॅम्प जास्त आवळला तर सगळं ईपॉक्सी बाहेर पिळून निघतं आणि जोड कोरडा राहतो.

खाच कापणं हे खरं हाताचं काम. गोल कानस, तळ गोलसर, कुठेही धारदार कड नको. दोन्ही बाजूंच्या खाचा एकाच खोलीच्या आणि एकाच कोनात हव्यात, नाहीतर दोरी मधोमध बसत नाही आणि बाहू हळूहळू एका अंगाला वळतो. फास बसवून बघायचा, काढायचा, दोन हात कानस मारायची, पुन्हा बसवायचा. शेवटी टोक निमुळतं घासून आणलं, कारण टोकावरचं वजन बाहूला मंद करतं. टोकाचं रक्षण म्हणजे तिथे जाडजूड काहीतरी चिकटवणं, हा समज मला अजिबात पटत नाही.

ही काळजी नवी नाही. १५४५ मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे इंग्लिश जहाज १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं. त्यावर यू नावाच्या झाडाच्या लाकडाची शंभराहून अधिक लाँगबो, म्हणजे माणसाएवढी लांब धनुष्यं, सापडली. त्यांच्या टोकांवरची शिंगाची टोपणं जवळजवळ सगळी पाण्यात नाहीशी झाली होती, पण ती जिथे बसत होती तिथलं लाकूड वेगळ्या रंगाचं राहिलं आहे. गवताळ प्रदेशातल्या भटक्या घोडेस्वारांच्या थडग्यांत तर धनुष्याचं लाकूड कुजून गेलेलं असतं आणि टोकांना लावलेल्या हाडाच्या पट्ट्या तेवढ्या मिळतात. कुणीही असो, दोरी उघड्या लाकडाला घासू द्यायची नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

दोरी मी डेक्रॉनची वळली, १४ पदरांची, आणि फासांत जादा पदर घालून त्यांना जाड केलं. जाड फास खाचेवर भार पसरवतो, बारीक फास लाकूड कापतो. सोबत चढवणीची दोरी दिली, दोन्ही टोकांवर कातडी टोप्या अडकवून पायाखाली दाबायची ती. आणि खालच्या टोकाला रबरी टोपी.

"वरच्यालाही घालू का?"

"नको. ते जमिनीला लागत नाही, उगाच वजन. आणि खालची टोपी पावसात किंवा दवात भिजली की घरी येऊन काढायची, टोक पुसायचं, सुकल्यावरच पुन्हा चढवायची. रबर पाणी बाहेर ठेवतं तसंच आत शिरलेलं धरूनही ठेवतं."

ईपॉक्सी पुरतं मुरल्यावर तिच्यासमोर धनुष्य चढवलं, फास मधोमध बसलेत हे दोन्ही टोकांकडून पाहिलं, आधी अर्ध्या ओढीवर आणि मग पूर्ण ओढीवर बाण सोडले. टक् आवाज गेला होता. बाण पूर्वीपेक्षा थोडा खाली लागतोय, म्हणाली, आणि तिसऱ्या फेरीत स्वतःच नेम वर घेतला. वरची लाकडी पट्टी मूळचीच ठेवली आहे; भिंगाखाली ती स्वच्छ दिसली आणि डेक्रॉनला ती पुरते. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी दोन्ही टोकं पुन्हा तपासायला ती धनुष्य घेऊन येणार आहे.