लिनक्समधल्या थुनार फाईल मॅनेजरच्या टूलबारवर "निवड"चं बटन बसवलं, माझा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाचं काम जास्त. अल्बमसाठी फोटो निवडायला पार्टी आली की नवरीची आई, आत्या, मावशी सगळ्या स्क्रीनसमोर बसतात, "भाऊ ह्यो घ्या, ह्यो नको, जरा मागं जावा की" असं दोन-दोन तास चालतं. तेव्हा दर फोटोला कॉपी करा, दुसरं फोल्डर उघडा, पेस्ट करा, असलं केलं तर माणसं कंटाळून जातात. विंडोज १० ला मी फाईल एक्सप्लोररच्या वर क्विक अॅक्सेस टूलबारमध्ये कॉपी टू बसवून ठेवलेलं, आल्ट आणि आकडा दाबला की काम चालू.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, माझ्या जुन्या पीसीत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही त्यामुळं विंडोज ११ काय बसेना, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट एक्सएफसीई टाकलं. पीसी मस्त पळायला लागला पण त्यातल्या थुनार फाईल मॅनेजरमध्ये माझं बटन कुठाय? हात सारखा तिकडंच जायचा.

मग कळलं की एडिट मेनूत कॉन्फिगर कस्टम अॅक्शन्स आहे, तिथं आपली स्वतःची कमांड लिहिता येते. नाव दिलं "निवड", कमांडमध्ये सीपी म्हणजे कॉपी, मग परसेंट एफ म्हणजे सिलेक्ट केलेली फाईल, मग जिथं कॉपी करायचं त्या फोल्डरचा पत्ता. दुसऱ्या टॅबमध्ये कुठल्या फाईलवर ते दिसायचं त्याच्या टिका असतात, तिथं इमेज फाईल्सला टिक पाहिजेच. एक फोटो गेला, पण दहा सिलेक्ट केले की राईट क्लिकच्या यादीतनं "निवड" हे नावच गायब! अर्धा दिवस त्यात गेला. छोटा एफ म्हणजे एकच फाईल, अनेक फाईलींना कॅपिटल एफ लागतो, एवढंच होतं ते. आणि फोल्डरचं नाव आधी "निवडलेले फोटो" होतं, मधल्या मोकळ्या जागेनं कमांड दोन तुकड्यात वाचली जायची, काहीच कॉपी व्हायचं नाही आणि एररपण दिसायचा नाही. नुसतं "निवड" केलं, मिटलं.

टूलबारचं काम त्यामानानं सोपं. टूलबारवर राईट क्लिक, कॉन्फिगर टूलबार, यादीत आपली अॅक्शन दिसते, टिक करून पाहिजे तिथं वर-खाली सरकवायची. हे थुनार ४.१८ पासून आलंय, त्याच्या आधीच्यात शोधत बसू नका. त्याच अॅक्शनला कीबोर्ड शॉर्टकटपण देता येतो, तो मी दिलाच.

पण खरी गोष्ट पहिल्या पार्टीला कळली. निवडलेले ३१२ मोजलेले, फोल्डरमध्ये ३०९. माझ्या पोटात गोळा. लग्नात दोन कॅमेरे होते, दोन्हीच्या फोटोंचे नंबर सारखे, त्यामुळं एका कॅमेऱ्याच्या फोटोवर दुसऱ्याचा तसल्याच नावाचा फोटो न विचारता बसला. सीपी विचारत नाही, हे लक्षात ठेवा. मूळ फोटो जागेवर होते म्हणून वाचलो, तीन फोटो शोधून परत घेतले, त्यातला एक नवरीच्या आजीचा होता, तो गेला असता तर मला कायमचं लागून राहिलं असतं. कमांडला वजा एन लावला तर वर बसत नाही हे खरं, पण मग दुसरा फोटो गुपचूप गळतो, ते पण नको. आता कार्ड रिकामं केलं की आधी सगळे फोटो सिलेक्ट करून एफ२ दाबतो, एकदम नावं बदलायची खिडकी येते, एका कॅमेऱ्याच्या फोटोंच्या नावापुढं अ, दुसऱ्याच्या ब, आणि मगच निवडायला बसतो.

परवा दुसऱ्या पीसीवरपण हेच केलं. कस्टम अॅक्शन्स होम फोल्डरातल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये, थुनारच्या आत, यूसीए डॉट एक्सएमएल या फाईलीत असतात, ती फाईल तिकडं टाकली, थुनार बंद करून परत उघडलं. टूलबारची टिक मात्र तिथं नव्यानं करावी लागली.