आमची वाटचाल : ड्रायव्हरचा स्कोअर, कसारा घाट आणि ते फुकटवाले

२०१४ ला गाड्यांना जीपीएस बसवायच्या धंद्यासाठी नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलजवळ गाळा घेतला तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी वायरिंगवाला आणि माझा पार्टनर कॉम्प्युटरवाला. त्या काळात ट्रान्सपोर्टवाल्यांना जीपीएस पाहिजे ते दोनच कामांना, गाडी कुठंय आणि डिझेल कुठं गेलं. ड्रायव्हर किती रिस्कमध्ये गाडी चालवतो ते मोजून देतो म्हणलं की शेठ लोक हसायचे. "ठोकली की कळतंच ना भाऊ." आता ह्यांना कसं सांगायचं, की एकेका ड्रायव्हरच्या नावावर अपघात इतके कमी असतात की त्यावरून चांगला कोण न वाईट कोण ते कळतच नाही, दहा वर्षं धोक्यात चालवून एकदाही न ठोकलेले लोक आहेत. म्हणून ठोकायच्या आधीच्या खुणा मोजायच्या. कचकन ब्रेक, वळणावरचा झोल, ओव्हरस्पीड, रात्रीचं ड्रायव्हिंग, सलग किती तास स्टेअरिंगवर, हे सगळं.

आणि मोजायचं तर किलोमीटरने भागायचं. साधं उदाहरण घ्या, एकाने महिन्यात ९,००० किमी मारले आणि १८ वेळा कचकन ब्रेक, दुसऱ्याने १,५०० किमी मारले आणि ९ वेळा. नुसते आकडे बघणारा मॅनेजर पहिल्याला झापणार. पण १०० किमीला पहिल्याचे ०.२ आणि दुसऱ्याचे ०.६, म्हणजे तिप्पट. एवढा भागाकार आजही निम्म्या डॅशबोर्डवर नसतो, बघा उघडून.

फिटिंगबद्दल थोडं लिहितो, कारण आजकालची पोरं अर्ध्या तासात डिव्हाइस लावून मोकळी होतात. ट्रकची केबिन स्प्रिंगवर असते. डबल टेपने डॅशबोर्डच्या मागे चिकटवलं की खड्डाही ब्रेक दिसतो आणि ब्रेकही खड्डा दिसतो. आम्ही ब्रॅकेट करून स्क्रूने पक्कं बसवायचो, मग रिकामी गाडी आणि भरलेली गाडी दोन्हींची ट्रायल. वायर पिळून टेप मारायची नाही, क्रिंपिंग करायचं, म्हणजे धातूची टोपी दाबून जोड पक्का करायचा, वरून हीट श्रिंक, तापवली की आवळणारी नळी. चोवीस व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टचा रिले लावणारे महाभाग मी ह्याच टर्मिनलमध्ये बघितलेत. माझं क्रिंपिंग टूल पहिल्या वर्षीचं आहे, लाल हँडल, त्याला कोणी हात लावलेला मला चालत नाही. आणि बॅटरी कटऑफचा स्विच. रात्री ढाब्यावर ड्रायव्हर तो बंद करतो, त्यात त्याची काही चोरी नाही, बॅटरी उतरू नये म्हणून करतो, पण इकडे मालक म्हणतो डिव्हाइस काढलं. आत बॅटरी असलेलंच डिव्हाइस घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

आता अण्णांबद्दल. पिंपळगावकडचे, रीफर म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या गाड्या, द्राक्षाच्या सीझनला जेएनपीटीच्या, म्हणजे न्हावाशेवा बंदराच्या फेऱ्या. आमचे पहिले खरे गिऱ्हाईक. पहिल्या महिन्याचा रिपोर्ट टेबलावर ठेवला तर त्यांनी चष्मा काढला, म्हणाले, "माझा सगळ्यात जुना माणूस सगळ्यात खाली कसा रे?" पार्टनर गणित सांगायला लागला तर त्याला म्हणाले थांब, आधी सांग त्याला रूट कोणता लागतो. लागायचा कायम रात्रीचा कसारा, मुंबईच्या वाटेवरचा घाट, कारण घाटात लोडेड गाडी अण्णा दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचेच नाहीत! म्हणजे जो सगळ्यात भरवशाचा त्यालाच सगळ्यात अवघड रस्ता, आणि त्याच रस्त्याचे मार्क कापून आपण त्याला नापास करायचं. त्या दिवसापासून आमच्याकडे ड्रायव्हरची तुलना त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, तेवढाच लोड घेऊन जाणाऱ्याशीच होते. कसारावाला कसारावाल्याशी, चांदवडच्या राहूड घाटातला त्याच घाटातल्याशी, सिन्नर एमआयडीसीतल्या लोकल फेऱ्या वेगळ्या. थोडेच किलोमीटर असलेल्या नव्या ड्रायव्हरला लगेच लाल करायचं नाही, आधी सगळ्या फ्लीटच्या सरासरीजवळ धरायचं आणि किलोमीटर वाढतील तसं त्याच्या स्वतःच्या आकड्यांचं वजन वाढवायचं.

दुसरं अण्णांनीच मागितलं ते म्हणजे डिस्पॅचरचाही, गाड्या सोडणाऱ्या ऑफिसवाल्याचाही स्कोअर. तेव्हा मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट होता, १९६१ चा, त्यात दिवसाला ८ तास काम, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. कागदावर. सकाळी सातला जेएनपीटीचं गेट गाठ म्हणून रात्री उशिरा गाडी भरून दिली तर ड्रायव्हर ओव्हरस्पीड करणारच, मग ते मार्क कोणाचे कापायचे? आम्ही ऑफिसच्या नावावर टाकायचो. अण्णांना पटलं. बाकी कोणाला फारसं पटलं नाही, हे पण खरं. मॅनेजर लोकांना ड्रायव्हरचा स्कोअर पाहिजे असतो, स्वतःचा नको असतो.

मग २०१८ ला ते आले. नाव घेत नाही, मुंबईचे, गंगापूर रोडला काचेचं ऑफिस. डिव्हाइस फुकट, पहिलं वर्ष सॉफ्टवेअर फुकट, आणि शंभरपैकी स्कोअर. शाळेत सगळ्याच पोरांचा पहिला नंबर काढावा तसा प्रकार, कोणी ९४ कोणी ९७, सगळी स्क्रीन हिरवीगार. कचकन ब्रेक मोजायची लिमिट कारला आणि ट्रेलरला एकच! ०.३ जी म्हणजे सेकंदाला साधारण साडेदहा किमीने स्पीड पडणं, कारमध्ये माणूस तेवढ्याला मोबाईलमधून मान वर करत नाही, भरलेल्या ट्रेलरला तेवढ्यात मागचा माल केबिनपर्यंत येतो.

सगळ्यात मोठा घोळ न्यूट्रलचा. डिझेल वाचवायला ड्रायव्हर घाटात गाडी न्यूट्रलला सोडतो. इंजिन ब्रेकिंग गेलं, म्हणजे गिअरमधलं इंजिन गाडी धरून ठेवतं ते, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी रोखणारा) असला तरी उपयोग नाही, सगळा भार चाकांच्या ब्रेक ड्रमवर, ड्रम तापले की ब्रेक पकड सोडतो. पण त्यांच्या स्क्रीनवर हा माणूस हिरा, कारण कचकन ब्रेक नाही, गाडी स्मूथ, वर अ‍ॅव्हरेजही चांगलं! आम्ही आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, आणि स्पीड शेजारी शेजारी लावायचो. गाडी ५० ने उतरतेय आणि इंजिन सहा-सातशेवर आयडल, म्हणजे न्यूट्रल, संपला विषय. केंद्राच्या २०२२ च्या रिपोर्टमध्ये देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू आहेत, त्यातले ७१ टक्के मृत्यू ओव्हरस्पीडच्या खात्यात. आता ५० ने न्यूट्रलमध्ये उतरून ब्रेक गेलेली गाडी खाली पोचेपर्यंत किती स्पीडला असते आणि कोणत्या खात्यात जाते, तुम्हीच सांगा.

पण हे ऐकायला कोणी थांबलं नाही. अंबडची एक मोठी पार्टी होती, आमचा जवळजवळ निम्मा धंदा, ती गेली. मागचं बिलही अडकवलं, आजपर्यंत पूर्ण आलेलं नाही. आमच्याकडे क्रिंपिंग शिकलेला पोरगा तिकडे गेला आणि जाताना गिऱ्हाइकांची यादी घेऊन गेला. वर १ जानेवारी २०१९ पासून नवीन प्रवासी गाड्यांना एआयएस-१४० हे सरकारी स्टँडर्ड पास झालेलंच डिव्हाइस आणि पॅनिक बटन सक्तीचं झालं, म्हणजे स्टाफ बससाठी भरून ठेवलेला स्टॉक नव्या गाड्यांना चालेना. उधारीवर आणलेला माल. पार्टनर म्हणाला बस झालं, पुण्याला नोकरी धरतो. धरली. भांडण नाही झालं, पण कोड कोणाचा हे लिहिलेलं नव्हतं त्यामुळे पुढचे काही महिने त्याला रोज फोन करून विचारत बसायचो. पार्टनरशिपचा कागद करा, सख्खा भाऊ असला तरी करा. ओम्नी विकली, टूलबॅग अ‍ॅक्टिवाच्या पायाशी ठेवून फिटिंगला जायचो. दसऱ्याला गाळ्यावर हार घातला न शटर ओढून घरी.

तेव्हा अण्णांनी सीझन सुरू व्हायच्या आधी वर्षभराचे पैसे एकदम दिले. चेक देताना एवढंच म्हणाले की घाटाचा रिपोर्ट बंद पडायला नको. त्यावर पुढची उधारी फिटली.

आणि त्या अंबडच्या पार्टीचं ऐका. त्यांची एक गाडी कसाऱ्यात ब्रेक पेटून उभी राहिली, नशीब की कोणाला लागलं नाही. ड्रायव्हरचा स्कोअर ९६. मॅनेजरचा मला फोन, जरा बघता का काय झालं ते. गेलो, माझ्या पेट्रोलने, डेटा काढला, न्यूट्रलचा ग्राफ काढून दिला, घाटाच्या माथ्यापासून खालपर्यंत सपाट आरपीएम. थँक्यू म्हणाले. आणि पुढच्या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं ते त्या फुकटवाल्यांचंच, कारण काय तर डॅशबोर्ड चांगला दिसतो, हेड ऑफिसला दाखवायला बरा पडतो.

नंतरची वर्षं चालूच आहेत, लॉकडाऊन गेलं, कॅमेरे आले, डोळे मिटले की बझर वाजवणारे. जानेवारी २०२४ ला हिट अँड रनच्या कायद्यावरून मनमाडजवळ पानेवाडीचे टँकरवाले संपावर बसले होते, तेव्हापासून ड्रायव्हर लोक कॅमेऱ्याला फार घाबरतात, त्यांना वाटतं हा आपल्यालाच आत घालणार. त्यांना पहिल्या दिवशी त्यांचीच क्लिप दाखवा, ज्यात समोरचा बाइकवाला राँग साइडने घुसतोय आणि ह्याने गाडी सांभाळलीय. मग कॅमेऱ्याचा फ्यूज काढत नाहीत. आणि मालकांनो, गाडी चालू असताना ड्रायव्हरला फोन करू नका, "कुठं पोचला" हे स्क्रीनवर दिसतं त्याचेच तर पैसे भरताय. वेळेवर पोचला म्हणून बक्षीस देऊ नका, द्यायचंच तर न्यूट्रल न केल्याचं द्या.

ते काचेचं ऑफिस आता तिथं नाही, कुठं गेले माहीत नाही. त्यांची डिव्हाइसं मात्र गाड्यांमध्ये तशीच पडलीत, सर्व्हर बंद, लाइट लुकलुकतोय. आठवड्याला एखादा तरी फोन येतोच, त्यांचा पासवर्ड तुम्हाला माहितीये का म्हणून. नाही माहीत. काढून आमचं लावून देतो, पण काढायचे पैसे वेगळे पडतील, हे आधीच सांगून ठेवतो.