अपुऱ्या कामांचे ओझे

आज दुपारी कार्यालयात आईच्या औषधांची चिठ्ठी, मुलीच्या शाळेचा व्हॉट्सॲपवरचा निरोप, वीजबिलाची मुदत आणि संध्याकाळपर्यंत द्यायचा अहवाल हे सारे एकाच वेळी मनात दाटून आले आणि त्यांतले एकही काम अवघड नसताना मला रडू आवरेना. अशा वेळी स्वतःला दुबळे ठरवणे अन्यायाचे आहे, असे मला मनापासून वाटते. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा लोकांच्या अधिक लक्षात राहिली होती. पुढच्या संशोधकांना हा परिणाम दर वेळी आढळला नाही, तरी माझ्या दुपारचे वर्णन मला त्यात सापडते.

मी फोन बाजूला ठेवला, सगळी कामे कागदावर उतरवली, वीजबिल नवऱ्याकडे आणि औषधे भावाकडे सोपवली. घरातले सारे काही बाईनेच लक्षात ठेवावे, ही अपेक्षा मला मान्य नाही. मग काही वेळ श्वास अगदी सावकाश सोडत बसले, कारण उच्छ्वास लांबवला की हृदयाचे ठोके मंदावतात. अहवाल तेवढाच उरला होता, पण छातीतली धडधड ओसरली होती.

ज्यांना असे दडपण रोजच जाणवते आणि त्यापायी झोपही लागत नाही, त्यांनी केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर अवश्य फोन करावा. २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा विनामूल्य असून तिथे चोवीस तास, मराठीतूनही, बोलता येते.