कॅसलटनचा एक दिवस: चुनखडीच्या गुहा आणि ढासळता डोंगर

इंग्लंडच्या डर्बीशरमधलं कॅसलटन हे गाव दोन खडकांच्या सांध्यावर बसलेलं आहे. गावाच्या दक्षिणेला पांढरट चुनखडी, उत्तरेला काळसर शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला पातळ थरांचा खडक) आणि वालुकाश्म. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून दक्षिणेला गुहा आणि घळी आहेत. शेल पाण्यानं भुसभुशीत होतो, म्हणून उत्तरेचा डोंगर सरकतो. एवढं डोक्यात ठेवलं की कुठे काय पाहायचं, पाऊस असेल तर काय टाळायचं आणि कोणत्या वाटेनं उतरायचं, हे सगळं आपोआप उलगडतं.

पोहोचणं. मँचेस्टर पिकॅडिली आणि शेफिल्ड यांच्यामधल्या होप व्हॅली लाइनवर होप नावाचं छोटं स्टेशन आहे. शेफिल्डहून साधारण अर्धा तास, मँचेस्टरहून पाऊण ते एक तास. जलद गाड्या इथे थांबत नाहीत, म्हणून 'होप' हा थांबा पाहूनच गाडी निवडा. स्टेशनपासून कॅसलटन सुमारे तीन किलोमीटर. बस मिळाली तर ठीक, नाहीतर ओढ्याकाठच्या शेतवाटेनं पाऊण तासात पोहोचता येतं. शेफिल्डहून थेट बसही आहे. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा निघतानाच टिपून घ्या. एक चुकली तर पुढचीसाठी तासभर थांबावं लागू शकतं, आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं.

गाडीनं येणार असाल तर सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आत या. गावातलं वाहनतळ भरलं की लोक विनॅट्स खिंडीच्या अरुंद रस्त्याकडेला गाडी लावतात, आणि मग सगळंच अडकतं. ही खिंड चढाला १ : ५ इतकी तीव्र आहे. नवख्या चालकानं, विशेषतः हिवाळ्यात, तिथून जाऊ नये. बक्सटनकडून येणारा जुना सोपा रस्ता का वापरत नाहीत, ते पुढे येईलच.

गुहा: चारपैकी एक, फार तर दोन. गावाभोवती पर्यटकांसाठी खुल्या चार गुहा आहेत आणि एका दिवसात चारही पाहण्याचा हट्ट बरेच जण धरतात. दुसऱ्या गुहेनंतर डोळे थकतात आणि डोंगर राहून जातो.

पीक कॅव्हर्न गावातच, चौकापासून पाच मिनिटांवर आहे. तिचं तोंड ब्रिटनमधल्या नैसर्गिक गुहांच्या तोंडांमध्ये सर्वांत मोठं मानतात. त्याच्या सावलीत दोर वळणारे कारागीर शतकानुशतके काम करत, आणि आजही वाटाडे तिथे दोर वळून दाखवतात. लहान मुलं किंवा ज्येष्ठ सोबत असतील तर हीच निवडा. जिने कमी आहेत आणि बहुतेक वाट चालती आहे. मात्र एक-दोन ठिकाणी छत खाली येतं, तिथे उंच माणसाला पुरतं वाकावं लागतं.

स्पीडवेल ही मुळात १८व्या शतकातली शिशाची खाण. १०५ पायऱ्या उतरून होडीत बसायचं आणि पाण्यानं भरलेल्या बोगद्यातून आत जायचं. बोगदा इतका चिंचोळा की हात होडीच्या आतच ठेवावे लागतात. बंदिस्त जागेत जीव घाबरणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी विचार करावा, कारण होडी मध्येच वळवता येत नाही. ही गुहा दुरुस्तीसाठी बंद असू शकते, तेव्हा आदल्या दिवशी खात्री करा.

उरलेल्या दोन, ट्रीक क्लिफ आणि ब्लू जॉन, खनिजासाठी पाहायच्या. जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं ब्लू जॉन हे फ्लोराइट याच डोंगरात सापडतं आणि आजही थोड्या प्रमाणात काढलं जातं. ट्रीक क्लिफमध्ये त्याच्या शिरा आणि १९२६ मध्ये सापडलेली लवणस्तंभांची दालनं दोन्ही आहेत, म्हणून एकच पाहायची तर माझं मत तिला. ब्लू जॉनमध्ये २४५ पायऱ्या उतरून तेवढ्याच चढायच्या आहेत. गुडघे दुखत असतील तर नको.

गावातल्या दुकानांत या दगडाचे दागिने मिळतात. घेण्याआधी एक लक्षात असू द्या: खनिजांचा कठीणपणा १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोहस मापावर फ्लोराइट ४, म्हणजे पोलादी सुरीनंही ओरखडा उठतो. दगड मुळात ठिसूळ असल्यानं घडवण्याआधी त्यात राळ मुरवतात. रोज घालायच्या अंगठीपेक्षा लोलक किंवा कर्णफुलं जास्त टिकतील.

चारही गुहांत बारा महिने साधारण ८ ते १० अंश तापमान असतं. भर जुलैतही स्वेटर लागतो, आणि बूट पकड असलेले हवेत. डोंगरावर पडलेलं पाणी जिथे शेल संपून चुनखडी सुरू होते तिथे जमिनीत गडप होतं आणि थेट कॅसलटनमध्ये वर येतं. त्यामुळे दोन-तीन दिवस जोरदार पाऊस झाला की गुहांत पाणी चढतं आणि पीक कॅव्हर्नची फेरी अर्ध्यावर आणतात किंवा रद्द करतात.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना लेणी म्हणजे माणसानं बेसाल्ट खोदून केलेली दालनं हेच माहीत असतं. इथे खोदणारं पाणी आहे, आणि तो फरक आत गेल्यावर भिंतींच्या गोलाईतून कळतो.

पेव्हरिल किल्ला. विल्यम पेव्हरिलनं उभारलेल्या या किल्ल्याची नोंद १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत, आहे. बालेकिल्ल्याचा चौकोनी बुरूज नंतरचा, राजा दुसऱ्या हेन्रीच्या काळातला. आपल्या गडांच्या मानानं जीव लहान, पण जागेची निवड बघा. एका अंगाला पीक कॅव्हर्नची घळ, दुसऱ्या अंगाला केव्ह डेलचा कडा, आणि तटबंदीची खरी गरज उरलेल्या गावाकडच्या बाजूलाच. चढ दहा-पंधरा मिनिटांचा, वळणावळणाचा आणि छातीवर येणारा. हिवाळ्यात उघडण्याचे दिवस कमी असतात.

डोंगरफेरी. दिवसाचा गाभा हाच. सुमारे १० किलोमीटर, चार तास, साडेतीनशे-चारशे मीटर चढाई. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा-संस्थेचा ओएल १ हा १:२५,००० नकाशा सोबत ठेवा. डोंगरामागे फोनला रेंज भरवशाची नसते.

चौकाच्या मागे घरांमधल्या चिंचोळ्या फटीतून केव्ह डेल सुरू होते. किल्ला उजवीकडे डोक्यावर येतो. ही कोरडी घळ चढायलाच घ्या, उतरायला कधीही नाही. शेकडो वर्षांच्या पावलांनी चुनखडी गुळगुळीत झाली आहे, आणि ओली असली की काचेसारखी निसटते. बेसाल्टवरच्या पकडीची सवय असलेले ट्रेकर नेमके इथेच फसतात. आमच्या डोंगरांत ओला कातळ निसरडा होतो तो मुख्यतः शेवाळानं, इथे साफ दिसणारा दगडही दगा देतो. पाऊस असेल तर पाऊल दगडावर न टाकता कडेच्या गवतावर टाका.

घळ संपली की मोकळी कुरणं लागतात. फाटक जसं मिळालं तसंच सोडायचं, बंद असेल तर बंद. मेंढ्यांच्या पिलांच्या दिवसांत कुत्रा दोरीनं बांधलेलाच हवा. रस्ता ओलांडून विंडी नॉलमार्गे माम निक गाठलं की दगडी फरशांची वाट सुरू होते आणि पंधरा मिनिटांत ५१७ मीटर उंचीचा माम टॉर माथा येतो. माथ्याभोवती प्राचीन डोंगरी किल्ल्याचे खंदक आणि मातीचे बांध अजून स्पष्ट दिसतात. माम म्हणजे आई, असा नावाचा अर्थ लावतात. वारा मात्र आईसारखा नाही, टोपी हातात धरा. पूर्वेकडचा कडा तुटका आहे, छायाचित्रासाठी काठावर जाऊ नका.

इथून डोंगरधारेनं हॉलिन्स क्रॉसपर्यंत उतरत जायचं. डोंगरापलीकडच्या एडेलमध्ये चर्च नव्हतं तेव्हा शवपेट्या याच खिंडीतून होपच्या खोऱ्यात आणत. खिंडीतून सरळ खाली गावात जाता येतं, पण उजवीकडे मागे वळून धारेच्या पोटातून जाणारी वाट घ्या. ती मोडक्या रस्त्यावर पोहोचते.

विनॅट्सचा चढ टाळण्यासाठी १९व्या शतकाच्या सुरुवातीला हा रस्ता नेमका माम टॉरच्या दरडीवरून काढला गेला. वर वालुकाश्माचे थर, खाली शेल. पाणी मुरलं की शेल ढिला पडतो आणि वरचं ओझं घेऊन खाली सरकतो. पिढ्यानपिढ्या डागडुजी झाली आणि शेवटी १९७९ मध्ये रस्ता सोडून दिला. आज तुटलेल्या कडेत डांबराचे थरावर थर मोजता येतात, मध्यरेषा अचानक माणूसभर खाली गेलेली दिसते. इथे फुकटात जे शिकायला मिळतं ते कुठल्याही तिकिटात नाही. पायाखाली लक्ष ठेवा, भेगांत घोटा अडकतो.

रस्त्याच्या पायथ्याशी ओडिन खाण आहे. लोखंडी वर्तुळाकार रुळावर उभं दगडी चाक घोडा फिरवत असे आणि खाली शिशाचं खनिज भरडलं जाई. चाक आणि रूळ दोन्ही जागेवर आहेत. तिथून गाव पाऊण तासाच्या आत.

खाणं आणि कपडे. गावातल्या पबांत दुपारचं स्वयंपाकघर अडीच-तीनला बंद होऊ शकतं. डोंगरावरून चारला उतरलात तर केक-चहावर भागवावं लागेल, म्हणून पोळी-भाजीचा डबा सोबत असलेला उत्तम. शाकाहारी असाल तर पायमध्ये काय आहे ते विचारा, आणि चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं विरजण) आहे का तेही. जलरोधक जाकीट, सुका मोज्यांचा जोड, एक लिटर पाणी. मे ते सप्टेंबर नेच्यांच्या झुडपांतून गेलात तर संध्याकाळी पोटऱ्या आणि गुडघ्यामागची जागा गोचिडांसाठी तपासा. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, त्यामुळे डोंगर आधी आणि गुहा नंतर. उन्हाळ्यात उलट चालतं, कारण सकाळी गुहांत गर्दी कमी असते.

२९ मे जमत असेल तर संध्याकाळी थांबा. गार्लंड डेला फुलांच्या घंटेच्या आकाराच्या भल्यामोठ्या जाळीनं कंबरेपर्यंत झाकलेला 'राजा' घोड्यावरून गावभर फिरतो आणि शेवटी ती फुलं दोरानं चर्चच्या मनोऱ्यावर ओढून घेतात. तारीख रविवारी आली तर सोहळा आदल्या दिवशी होतो. रस्ते बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी रेल्वेनंच या.

दुसरा दिवस हाताशी असेल तर ईम गाठा. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये या गावानं पाद्री विल्यम माँपेसनच्या सांगण्यावरून स्वतःला कोंडून घेतलं आणि सुमारे २६० माणसं गमावली. वेशीवरच्या दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवत आणि शेजारची गावं धान्य ठेवून जात. १८९७ च्या पुण्यातली सक्तीची घरझडती ज्यांनी वाचली आहे, त्यांना हा दगड बराच वेळ सोडवत नाही. कॅसलटनहून थेट बस धरणं अवघड आहे, गाडी असेल तर अर्ध्या तासाचं काम.